आमची वाटचाल : न दिसणाऱ्या गोष्टींचा हिशेब

आमची फर्म संशोधकांच्या सर्वेक्षणांतल्या आकड्यांचं विश्लेषण करते. रत्नागिरीत आमचं काम सुरू झालं ते डेटा एन्ट्रीवर. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातले विद्यार्थी भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन यायचे. आम्ही ते एक्सेलमध्ये चढवायचो, टक्केवारी आणि काय-वर्गाचे (दोन गोष्टींत संबंध आहे का हे तपासणाऱ्या चाचणीचे) तक्ते काढून द्यायचो. पुढे एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर आलं, एका गोष्टीवर दुसऱ्या गोष्टींचा किती परिणाम होतो ते काढणारं रिग्रेशन आलं. त्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही.

फर्मला दिशा मिळाली ती आंबा बागायतदारांवरच्या एका अभ्यासामुळे. प्रश्न असा होता : हवामान बिघडण्याची धास्ती असलेला बागायतदार फवारणीचं वेळापत्रक बदलतो का, फळपीक विमा उतरवतो का? आणि हे कृषी सल्ल्यावरच्या त्याच्या विश्वासावर ठरतं का? धास्ती आहे पण विश्वास नाही, तर तो वडिलांच्या पद्धतीनेच बाग राखेल. दोन्ही असतील तर बदलेल. म्हणजे धास्तीचा परिणाम विश्वासाप्रमाणे कमीजास्त होतो. यालाच आंतरक्रिया म्हणतात. अडचण अशी की धास्ती आणि विश्वास या दोन्ही गोष्टी थेट मोजता येत नाहीत. चार-पाच विधानांना मिळालेल्या उत्तरांवरून त्यांचा अंदाज बांधावा लागतो. म्हणून ती सुप्त चलं, म्हणजे थेट न दिसणाऱ्या, बदलत्या गोष्टी.

रूढ पद्धत सोपी आहे. विधानांचे गुण मिळवा, दोन बेरजांचा गुणाकार करा आणि तो रिग्रेशनमध्ये घाला. पण प्रत्येक बेरजेत मापनाची चूक असते आणि गुणाकारात ती वाढते. दोन्ही मापनांची विश्वासार्हता (गुणांतल्या चढउतारातला खरा, चुकीचा नसलेला वाटा) 0.7 असेल, गुण सरासरीभोवती केंद्रित केलेले (प्रत्येकातून सरासरी वजा केलेले) असतील आणि दोन्हींत सहसंबंध नसेल, तर गुणाकाराची विश्वासार्हता उरते 0.49. प्रसामान्य वितरण (घंटेच्या आकाराचा आलेख) धरून सहसंबंध 0.3 घेतला तरी ती 0.53च्या आसपासच जाते. मग परिणाम खरा असूनही फिका दिसतो आणि प्रबंधात ‘आंतरक्रिया आढळली नाही’ असं वाक्य पडतं. माझ्या मते बागायतदारावर हा अन्याय आहे. सल्ला देणाऱ्यावर त्याचा विश्वास असणं-नसणं निष्फळ ठरवलं जातं, ते केवळ मोजमाप कच्चं राहिलं म्हणून.

या प्रश्नावर केनी आणि जड या संशोधकांनी 1984 साली वाट दाखवली. बेरजांऐवजी निदर्शकांचे, म्हणजे एकेका विधानाच्या गुणांचे, गुणाकार करून त्यांतून सुप्त गुणाकार उभा करायचा, म्हणजे चूक वेगळी काढता येते. त्यासाठी प्रतिमानावर (मॉडेलवर) घालाव्या लागणाऱ्या अटी फार किचकट होत्या. मार्श, वेन आणि हाउ यांनी 2004 साली त्या बहुतांशी सोडून दिल्या, आणि आमच्यासारख्यांना हे काम हाताळण्याजोगं झालं. त्याआधी 2000 साली क्लाइन आणि मूसब्रुगर यांनी दुसरा मार्ग काढला होता. दोन प्रसामान्य चलांचा गुणाकार स्वतः प्रसामान्य नसतो. त्यांनी हे गृहीत धरूनच अंदाज काढला, त्यामुळे निदर्शकांचे गुणाकार करण्याची गरजच उरली नाही. आम्ही आर ही संख्याशास्त्राची मोफत संगणकभाषा घेतली, तिच्यातली लावान आणि सेमटूल्स ही पॅकेजेस शिकलो आणि आमच्याकडे काम करणाऱ्या मुलींना शिकवलं. रत्नागिरीसारख्या गावात बसून हे करता येतं, याचा मला फार आनंद आहे.

पण सॉफ्टवेअरने सगळं भागत नाही. आमचा बहुतेक वेळ आता प्रश्नावलीवर जातो. ‘हवामान बदलाबद्दल आपणास चिंता वाटते का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात, त्यातून काही कळत नाही. ‘अवकाळी पाऊस पडला की मोहोर हातचा जाईल असं वाटतं’ असं विधान ठेवलं की उत्तरं वेगवेगळी येतात. मालवणात आणि दापोलीत एकच वाक्य सारखं समजतं का, हेही आधी थोड्या लोकांना विचारून पाहतो. सॅम्पलबाबतही आम्ही कडक आहोत. आंतरक्रियेचा परिणाम बहुधा लहान असतो, त्याला मुख्य परिणामापेक्षा बरेच जास्त उत्तरदाते लागतात. सर्वेक्षण उरकून गठ्ठा घेऊन आलेल्याला आता हे शक्य नाही असं सांगावं लागतं. ते गाईडना आवडत नाही, पण आम्ही सांगतो. म्हणून सगळ्यांना विनंती करतो : सिनॉप्सिस लिहितानाच या, तेव्हा आम्ही पैसेही घेत नाही.

सध्या मच्छीमार सोसायट्यांमधलं काम चालू आहे. घटत्या मासळीची चिंता आणि सोसायटीवरचा भरवसा मिळून लहान आसाची (बारीक छिद्रांची) जाळी सोडायची तयारी ठरते का, हा प्रश्न आहे. पावसाळी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं घरी भेटतात, म्हणून मुलाखती तेव्हाच ठेवल्या आहेत.