साडेपस्तीसचा हिशेब

अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि सगळ्यात आधी विज्ञानाच्या बाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. ऋण सगळ्याच शिक्षकांचं आहे, पण मला लिहायचंय ते बाईंबद्दलच.

नववी ब. अणूची रचना चालू होती. क्लोरिनचा अणुअंक 17, म्हणजे केंद्रकात 17 प्रोटॉन, एवढं पाठ होतं. पण अणुवस्तुमान 35.5 कसं? मी उठून विचारलं, "बाई, अर्धा न्यूट्रॉन असतो का?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "उद्या सांगते," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बरणीभर चिंचोके घेऊन आल्या. मला टेबलाशी बोलावून चार ढीग करायला लावले. तिनांत पस्तीस-पस्तीस, चौथ्यात सदतीस. "हे सगळे क्लोरिनच. प्रोटॉन सगळ्यांत 17. न्यूट्रॉन या तिघांत 18, याच्यात 20. ही समस्थानिकं, आणि निसर्गात ती साधारण याच प्रमाणात सापडतात. आता सगळे एकत्र कर आणि चौघांत सारखे वाट." एकूण 142. प्रत्येकी पस्तीस देऊन दोन उरले. अष्टचंगासाठी फोडतात तसे बाईंनी ते कपाटाच्या कुलपाने फोडले आणि प्रत्येक ढिगावर एकेक पांढरी फाक ठेवली. "अर्धा न्यूट्रॉन कुठेच नसतो गं. अर्धं आलं ते सरासरीत."

आयनही त्याच तासाला झाला. क्लोरिनने बाहेरून एक इलेक्ट्रॉन घेतला की तो ऋण आयन होतो, पण ढिगातला एकही चिंचोका हलत नाही.

आज मी रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात आहे. थायरॉइडच्या रुग्णांना आम्ही आयोडीन-131 देतो. मिठातून पोटात जातं ते 127. प्रोटॉन दोन्हींत 53, आमच्यात न्यूट्रॉन फक्त चार जास्त. इलेक्ट्रॉन तेवढेच, त्यामुळे आयोडाइड आयन ओढून घेताना ग्रंथी दोघांत फरक करत नाही. ती आमचं आयोडीन आपलंच समजून आत घेते आणि तिथे त्याचे किरण काम करतात. आठ दिवसांत ते निम्मं उरतं. नवीन मुलं शिकायला आली की हे सांगताना माझ्या तोंडी बाईंचीच वाक्यं येतात. हे त्यांना कळवायचं राहून गेलं, याची फार खंत आहे.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. प्रयोगशाळेत आता मोठा पडदा आहे, त्यावर रंगीत इलेक्ट्रॉन फिरतात. पण मुलांच्या हातात मोजायला काही नव्हतं, त्याचं वाईट वाटलं. प्रयोगशाळेतलं ते लाकडी कपाट अजून आहे. कोणी उघडणार असेल, तर बाईंची बरणी आत आहे का, तेवढं बघावं.