कोसान ना नीव: आयर्लंडमधल्या संतांच्या वाटेवर

मागच्या मे महिन्यात कोसान ना नीव चालले, म्हणजे 'संतांची वाट', आयर्लंडच्या केरी परगण्यात व्हेंट्रीच्या बीचपासून माउंट ब्रँडनच्या पायथ्यापर्यंत साधारण 18 किलोमीटर. टाळ नाही, दिंडी नाही, सोबत फक्त माझ्या आयरिश कलीगची आई, सत्तरीच्या पुढच्या, हातात जपमाळ. मी त्यांना काकूच म्हणते.

गॅलरसचं बिनचुन्याचं दगडी प्रार्थनाघर बघितलं आणि पुढे किलमॉलकेडरला पोचलो, 12व्या शतकातलं चर्च, छप्पर कधीच गेलंय, आतबाहेर कबरीच कबरी, आणि वरच्या टोकाला भोक असलेला एक ओघम दगड, म्हणजे रेघारेघांची जुनी आयरिश लिपी कोरलेला. काकूंनी उजवीकडून फेरी घातली, सूर्य जातो तशी, आपली प्रदक्षिणाच की! मग चालता चालता सांगत राहिल्या की त्यांच्या लहानपणी गावात कोणी गेलं की रात्रभर घरात जागायचं, मयताला एकटं सोडायचं नाही, आरसे झाकायचे, घड्याळ बंद करायचं, खड्डा शेजारपाजारचे लोकच खणणार, आणि सोमवारी नवी कबर उकरायची नाही, अगदीच वेळ आली तर आदल्या दिवशी थोडी माती उकरून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी त्या मला मुद्दाम रीस्कला घेऊन गेल्या. जुन्या मठाचे अवशेष आहेत, पण मठ ओस पडल्यावर लोकांनी तिथे बाप्तिस्मा न झालेली बाळं पुरली. केरीत अशा जागेला क्यालूनाख म्हणतात. चर्चच्या पवित्र जमिनीत त्या बाळांना जागा नव्हती, मग बाप अंधार पडल्यावर एकटाच पेटी घेऊन निघायचा, वर खूण म्हणून एखादा साधा दगड नाहीतर पांढऱ्या गारगोट्या, नाव कुठेच नाही. ह्या बाळांना मुक्ती मिळेल अशी आशा धरता येते असं व्हॅटिकनच्या धर्मपंडितांनी लिहिलं ते 2007 मध्ये, तोवर किती आया तशाच गेल्या असतील, मला फार राग आला.

काकूंनी विचारलं, तुमच्याकडे काय करतात गं? म्हटलं, आमच्यातही दात यायच्या आधीचं मूल जाळत नाहीत, पुरतात, माझ्या आजीचं पहिलं बाळ शेताच्या बांधाला आहे, नेमकी जागा फक्त आजोबांना माहीत होती.

"नाव काय होतं?"

नाव नव्हतं. बारशाच्या आधीच गेलं.

त्यांनी जपमाळ काढली, आमच्या बाळासाठी प्रार्थना म्हटली, वारा इतका होता की मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसले.