किलोच्या भावात मारवा

सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका बोळात भंगारचं दुकान आहे. मालकांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. सात-आठ वर्षांपूर्वी मी तिथं खोक्यांचे पुठ्ठे आणि प्लास्टिकची रिकामी डबडी द्यायला गेले होते (माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळं ही रास कायमचीच) आणि येताना पिशवी भरून परत आले. नवऱ्यानं दारातच विचारलं, "भंगार द्यायला गेलतीस का आणायला?"

पिशवीत अकरा एलपी होत्या, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या काळ्या तबकड्या. चाचांनी त्या सरळ काट्यावर टाकल्या. अडीच किलो भरल्या. प्लास्टिकच्या भावानं पंच्याहत्तर रुपये. त्यातल्या आठ तर झिजून करड्या पडलेल्या, दोन भक्तिगीतांच्या. अकरावी कव्हरशिवाय, कुठल्याशा साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली. लेबलावर कुत्रा आणि कर्णा, खाली गायकाचं नाव, उस्ताद अमीर खाँ. एका अंगाला मारवा राग, दुसऱ्या अंगाला दरबारी. 1960 सालची ही तबकडी. मैफलीत ज्यांना एका विलंबितासाठी, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालासाठी, तासभर लागायचा, त्या माणसानं विसेक मिनिटांत मारवा मांडलाय आणि कुठंही घाई नाही. मी ती त्या रात्री तीनदा ऐकली. "पिया मोरे" सुरू झालं की आमच्या घरात आजही कुणी मिक्सर लावत नाही.

तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी चाचांकडं चक्कर असते. मधल्या काळात त्यांच्या नातवानं मोबाईलवर भाव बघून ठेवले आणि काट्यावरची विक्री बंद झाली. आता सिनेमाची एलपी पाचशे-सहाशेच्या खाली सुटत नाही, मग तिच्यावरून मांजर का चाललेलं असेना. शास्त्रीयला मात्र सरसकट पन्नास. "ये आ-आ वाला गाना कौन लेता जी? एक तुमीच आते." माझा सगळा संग्रह चाचांच्या या एका वाक्यावर उभा आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात ही सोय नाही. एका रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेले, तर तिथल्या माणसाला कुमार गंधर्वांचं नाव माहीत, किशोरीताई आमोणकरांचं माहीत, आणि त्यांची भूप-बागेश्रीची एलपी मी उचलल्याबरोबर माझा चेहरा वाचून त्यानं भाव सांगितला. चेहरा सपाट ठेवायला मला अजून जमत नाही. शिवाय पुण्या-मुंबईच्या मालाला बुरशी फार. मुंबईच्या समुद्राच्या हवेत राहिलेली तबकडी उजेडात धरली की पांढरी जाळी दिसते, वाजवली की तळणीत मोहरी टाकल्यासारखा आवाज. सोलापूरच्या तबकडीला बुरशी नसते. इथं हवेला पाणीच नाही तर बुरशी कशावर जगणार? इथला रोग वेगळा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो आणि माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेली एलपी कडक भाकरीसारखी वाकडी होते. म्हणून इथं खरेदी करताना मी आधी तबकडी आडवी डोळ्यांच्या रेषेत धरून बघते, लाटा आहेत का. किंचित बशीसारखी असेल तर चालते, सुई चढउतार करते पण गाते. कडेला लाट असेल तर सोडून द्यायची, सुरुवातीचा आलापच हातचा जातो.

मग उन्हाकडं तिरकी करून चरे बघायचे. नख फिरवल्यावर लागत नाही तो चरा काही करत नाही. नखाला लागतो तो टक्-टक् करतो. आणि चरा एकही नसून तबकडी राखाडी, मेल्यासारखी दिसत असेल तर तिला हात लावू नका. ती कुणीतरी जड हाताच्या जुन्या प्लेअरवर, बोथट सुईनं वर्षानुवर्षं वाजवलेली असते. खाचाच खरवडल्या गेल्यात, तिथं आता गाणं राहिलेलं नाही. याउलट कव्हर नसणं, लेबलावर बॉलपेननं "कु. ... हिस वाढदिवसानिमित्त" लिहिलेलं असणं, हे मला आवडतं. संग्राहक लोक असला माल घेत नाहीत, भाव निम्म्यावर येतो, आणि खाचेत फरक शून्य. लेबलावरचा नंबरही वाचावा. ईएएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. मोनो बघून नाक मुरडणारे लोक आहेत. एक गळा, एक तबला, एक पेटी, तानपुरा. त्याला दोन कान कशाला वेगवेगळे लागतात, मला कळत नाही.

आता माझ्या पापाबद्दल.

चाचांकडं एकदा लाखेच्या तीन तबकड्या आल्या, 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या. दोन बँडबाजाच्या, तिसरी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची, ओडियन कंपनीची, "पिया बिन नाहि आवत चैन". दोनशेला तिन्ही. खाँसाहेबांचं बिऱ्हाड मिरजेला, म्हणजे आमच्यापासून काही फार लांब नाही. त्यांची ही ध्वनिमुद्रणं आयुष्याच्या अगदी शेवटच्या काळातली, 1937 साली ते गेलेच. तबकडीवर मिलच्या धुळीसारखा कापसाचा चिवट थर होता. एलपी मी नेहमी डिस्टिल्ड वॉटर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब यानं धुते, दुकानात पाणी असतंच. पण हा थर काही जाईना. म्हणून मी सर्जिकल स्पिरिटचा बोळा घेतला.

बोळा पहिल्याच फेऱ्यात चहासारखा तपकिरी झाला. मला वाटलं, काय मळ निघतोय! अजून जोरात पुसलं. मग लक्षात आलं की तबकडीचा तेवढा पट्टा चकाकी जाऊन मातीसारखा दिसतोय. तो मळ नव्हता, ती तबकडीच होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि हे मला, औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेल्या बाईला, शिकवलेलं होतं. कित्येक गोळ्यांवर लाखेचा लेप असतो, आणि तो लेप चढवताना लाख अल्कोहोलमध्येच विरघळवतात. परीक्षेत लिहून आले होते. तबकडी हातात असताना आठवलं नाही. आता ती वाजते, पण पहिलं अर्धं मिनिट खाँसाहेब पावसात उभं राहून गातायत असं वाटतं. 78ची एक बाजू सव्वातीन मिनिटांची, त्यातलं अर्धं मिनिट मी पुसून टाकलं.

म्हणून सांगते, लाखेच्या तबकडीला फक्त पाणी, तेही थोडंच, आणि लेबलाला लागू न देता. आणि तिला एलपीची सुई लावू नये. 78ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाला घासत जाते आणि दोघींचंही वाटोळं होतं. माझ्याकडच्या जुन्या प्लेअरला उलटी करायची सुई आहे, एका अंगाला एलपी, दुसऱ्या अंगाला 78. खिटी फिरवायची की झालं. असला प्लेअर भंगारात दिसला तर बंद असला तरी घ्या, पट्टा नाहीतर रबराचं चाकच गेलेलं असतं बहुधा.

एलपीवर लोक तुटून पडतात, पण खरी लूट कॅसेटमध्ये आहे. दहा रुपयाला एक, शंभरला बारा. पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या कॅसेटी मी डोळे झाकून घेते. आवाज स्वच्छ, निवड जाणत्या माणसाची. म्युझिक टुडे कंपनीच्या, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंतच्या रागांच्या मालिकेतल्या, सुट्या-सुट्या सापडतात. माझ्याकडं दुपार भरपूर आहे, पहाट अजून मिळायचीय. कॅसेट घेताना खालच्या फटीतून बघायचं. मधोमध मसुराएवढा लोकरीचा तुकडा असतो, तो जागेवर पाहिजे. तो पडला की गाणं गोधडीतून आल्यासारखं ऐकू येतं. पण म्हणून कॅसेट टाकायची नाही. स्क्रूवाली जुनी भजनाची कॅसेट उघडून तिच्या पोटात चांगली फीत बसवायची. हे काम मी दुकानात दुपारी, गिऱ्हाईक नसताना, चिमटा घेऊन करते. समोरच्या दुकानातल्या काकू म्हणतात, "ऑपरेशन चाललंय का?"

सोलापुरात आणखी एक फायदा आहे तो भाषेचा. इथं एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड, तिसरीत उर्दू. घर रिकामं झालं की त्या त्या भाषेचं भंगार येतं, आणि मराठी गिऱ्हाईक लिपी बघून पुढं जातं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरांतून एम. एस. सुब्बुलक्ष्मींचं सुप्रभातम् इतकं येतं की चाचा ते कशावर तरी फुकट देतात. त्याच खोक्यात खाली कर्नाटक संगीतातले बालमुरलीकृष्ण असतात. मला तेलुगू वाचता येत नाही, पण बालमुरलींचा चेहरा ओळखता येतो. कन्नड मात्र आईमुळं थोडं येतं, तिचं माहेर अक्कलकोटचं. त्यामुळं एका फिकट गुलाबी कव्हरवर मल्लिकार्जुन मन्सूर हे नाव मला वाचता आलं. आत वचनं, लिंगायत संतांची कन्नड पदं. "अक्क केळव्वा". जयपूर घराण्याचा एवढा डोंगराएवढा गायक, पण वचन गाताना घरातल्या ओसरीवर बसल्यासारखा. आमचे सिद्धेश्वर, ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही दर जानेवारीला धूळ खातो, ते बाराव्या शतकातले वचनकारच. आईला ती कॅसेट लावून दिली. शेंगा सोलता सोलता तिनं दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाली, "हे दहा रुपयाला? मग पाच-सहा आणायच्या होत्यास." तिला वाटलं चाचांकडं ढीगच आहे.

गावच्या अभिमानाची गोष्ट निघाली म्हणून, 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाच्या गाण्यांची एक कॅसेटही अशीच मिळाली. मूळ संचातली झरीना, फैय्याज, आमच्या सोलापूरच्या. चाचांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच वीस मागितले.

आणि हातानं लिहिलेल्या कॅसेटी. या कुणीच घेत नाही, चाचा त्या वेगळ्या टोपल्यात टाकतात. माझं लक्ष आधी त्या टोपल्याकडं जातं. एका वाड्याच्या आवरासावरीत चाळीस कॅसेटी आल्या होत्या, सगळ्यांवर निळ्या शाईचं सुबक अक्षर. "शनि. रा. 9.30." एवढ्यावरून मी टोपलंच उचललं. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 पासूनचा, शनिवारी रात्रीचा. आमच्या घरीही अप्पा रेडिओपाशी बसायचे आणि आम्हाला खोकायचीही बंदी असायची. या माणसानं रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलंय. त्यामुळं मालकंस रागाच्या मागं घर ऐकू येतं. कुकरची शिट्टी. भांडं पडतं. कुणीतरी "श्शू!" करतं. पंचेचाळीस मिनिटं झाली की खट्, आणि दुसऱ्या बाजूला गाणं तालाची दोन-तीन आवर्तनं पुढं गेलेलं. फीत उलटी करताना त्या माणसाचा जीव किती वरखाली झाला असेल!

गायकाच्या जागी नुसतं "बुवा" लिहिलंय. त्याला माहीत होतं कोण बुवा, मग पूर्ण कशाला लिहायचं? मी चार महिने कान लावून बसले. एकदाची शेवटापर्यंत पोचले. टाळ्या नाहीत, स्टुडिओ आहे. निवेदिका म्हणते, "आत्ताच आपण ऐकलंत..." आणि फीत संपते.

सीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्लेअरच कुणाकडं राहिले नाहीत म्हणून सीडी मातीमोल झाल्यात. आकाशवाणीच्या संग्रहातून निघालेल्या दिसल्या तर घ्या, "बेस्ट ऑफ" आणि "शांत झोपेसाठी" लिहिलेल्या ठेवून द्या. आणि ऑनलाईन विकणाऱ्यांनी प्रत्येक तबकडीपुढं "दुर्मिळ" लिहिलेलं असतं त्याकडं बघूच नका. काहींच्या पंचवीस प्रती त्याच माणसाकडं असतात.

मागच्या महिन्यात एक चूक केली. चाचा म्हणाले, तुम्ही एवढ्या नेता, वाजतात तरी का? मी मोबाईलवर भरून घेतलेली दरबारीची बाजू त्यांना लावून दिली. दुकानात पत्रे आपटत होते, नातू रद्दीचे गठ्ठे बांधत होता. विलंबित चालू असताना चाचा काट्याची वजनं लावत होते. मग तराना आला, एरवी अर्थहीन वाटणाऱ्या बोलांचं जलद गाणं. "यार-ए-मन, बिया बिया..." चाचांचा हात थांबला.

"ये तो फारसी है जी. यारा, आ जा, बोलता है वो."

मी म्हटलं, हो, तरान्यातल्या बोलांना फारसी अर्थ असतो असं हे खाँसाहेब मानायचे.

"आ-आ नै करता ये," चाचा नातवाला म्हणाले. "यारको बुलाता."

परवा गेले. कव्हर नसलेली एक भीमसेनजींची होती, कडेला जराशी बशी झालेली. भाव विचारला.

"डेढ सौ."

"चाचा, पन्नास होती की!"

"वो आ-आ वाली का था," चाचा म्हणाले.