रॅले ऑफिसला जाऊ लागली: कॉटर, बावीस दाती आणि चतुःशृंगीकडचा चढ

जुनी रॅले सायकल पुन्हा चालती करतोय, त्याची मागची नोंद सुटा सांगाडा आणि गंजाच्या पाण्याची बादली इथवर येऊन थांबली होती. आता रॅले चालते. सोसायटीत चकरा मारण्यापुरती नव्हे, कोथरूडहून कर्वे रस्ता, नळ स्टॉप, लॉ कॉलेज रस्ता आणि पुढे सेनापती बापट रस्ता अशी रोज ऑफिसला जाऊन येते.

सगळ्यात जास्त घाम काढला तो कॉटरने, म्हणजे क्रँक (पेडलचा हात) ॲक्सलवर पक्का धरणार्‍या पाचरीने. हे काम रस्त्यावरच्या दुकानात देऊ नका, तिथे क्रँक अधांतरी ठेवून हातोडी चालवतात. तो सगळा मार ॲक्सलवरून छर्‍यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपासून क्रँकपर्यंत उभा टेकवायचा, कॉटरचं डोकं त्याच्या पोकळीत उतरेल असा. नट कॉटरच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. आधी काही दिवस डिझेल पाजायचं आणि मग एकच सणसणीत घाव. टुकटुक करत बसलात तर कॉटर आणखी फुगतो. उजवा पहिल्याच दणक्यात निघाला. डावा वाकला, तो ड्रिलने पोखरून काढला.

नवे कॉटर साडेनऊ मिलिमीटरचे. बाजारातल्या मालाचा उतार सहसा जुळत नाही. चपट्या बाजूवर थोडी कानस मारायची, घालून बघायचं, पुन्हा कानस मारायची. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने बसले पाहिजेत, नाहीतर पेडलं एका रेषेत येत नाहीत. पन्नासेक किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा ठोकून नट आवळायचा. हे राहिलं की ‘कट्‌ कट्‌’ आवाज सुरू होतो आणि माणूस उगाच चेनवर संशय घेतो.

बीबीचे, म्हणजे पेडलच्या ॲक्सलच्या बेअरिंगचे, जुने कप जपून ठेवा. रॅलेचे आटे इंचाला २६, बाकी बहुतेकांचे २४. बाजारातला कप दोन फेरे आत जातो आणि अडतो, जोर लावला तर फ्रेमचे आटे गेलेच म्हणून समजा. माझे कप ठीक होते, फक्त छर्रे बदलले: पाव इंची, दोन्हीकडे अकरा-अकरा.

मागचा हब स्टर्मी-आर्चरचा, तीन गिअरवालं एडब्ल्यू मॉडेल. त्यावर ‘५१’ असा ठसा आहे, म्हणजे हब १९५१ चा. सायकलही त्याच सालची, असं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण मधल्या काळात चाक बदललेलं असू शकतं. आत कोणीतरी शिलाई मशीनचं तेल घालून ठेवलं होतं, ते वाळून डिंक झालं होतं. रॉकेल घालून चाक फिरवलं, काळं पाणी निथळू दिलं, मग ३० नंबरचं साधं ऑइल. हब उघडावाच लागला नाही. गिअर जुळवायची खूण उजव्या नटाच्या खिडकीत दिसते: दुसर्‍या गिअरला आतल्या दांडीचा खांदा ॲक्सलच्या टोकाशी बरोबर आला पाहिजे. केबल सैल असेल तर दुसर्‍या आणि तिसर्‍याच्या मध्ये पेडल रिकामं फिरतं. तेव्हा उभे राहून जोर लावत असाल तर सरळ दांड्यावर आपटाल.

खरा फरक पडला तो मागच्या चक्राने. पुढे ४६ दात, मागे १८, चाक २८ इंची. म्हणजे दुसरा गिअर जवळपास ७२ इंचांचा (पुढचे दात भागिले मागचे, गुणिले चाकाचा व्यास; आकडा मोठा तितकं पेडल जड) आणि पहिला ५४ चा. सपाटीला ठीक, पण सिम्बायोसिसकडे चढताना गुडघे बोलायला लागतात. १८ काढून २२ दाती चक्र घातलं. तीन खाचांचं असतं, सर्क्लिप काढली की हातात येतं. चेनला दोन कड्या वाढवल्या. आता पहिला ४४, दुसरा साडेअठ्ठावन्न आणि तिसरा ७८, म्हणजे जुन्या दुसर्‍यापेक्षा किंचित जड. कारखान्याने दिलेला वरचा गिअर पुण्यात कोणाला लागतो, हे मला कळलेलं नाही.

टायरची चिंताच नाही. २८ × १½ आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतो. बाहेरचे हौशी लोक याच मापासाठी धुंडाळत फिरतात. फक्त ७०० सी समजून घेऊ नका, रिमचा व्यास तेरा मिलिमीटरने कमी पडतो.

तारा जुन्या पद्धतीच्या, पुढे ३२ आणि मागे ४०. दांडीच्या ब्रेकचे गट्टे रिमला आतून, खालून वर लागतात. म्हणून चाकाचा आउट काढताना, म्हणजे तारा आवळून चाक सरळ करताना, डाव्या-उजव्या डुलण्यापेक्षा वर-खाली उडीकडे जास्त लक्ष दिलं. कोरड्या रस्त्यावर ब्रेक पुरेसे लागतात. ओल्या स्टीलच्या रिमवर मात्र ते ब्रेक नव्हेत, नुसती विनंती असते. पावसाळ्यात मी पीएमपीच्या बसने जातो, आणि यावर मला वाद घालायचा नाही.

रंगाला हात लावलेला नाही. काळं इनॅमल साबणाच्या पाण्याने पुसलं आणि वर मेण चढवलं. रबिंग कंपाउंड लावाल तर सोनेरी रेषा फडक्यावर येतील. पुढचा बगळ्याचा पितळी बिल्ला चिंचेने उजळला. महापालिकेचा जुना लायसन्सचा पत्राही तसाच ठेवला आहे. ऑफिसातले साठीचे शिपाईकाका त्याच्याकडे बोट दाखवून डबलसीटला झालेल्या दंडाची गोष्ट सांगतात, दर वेळी रक्कम वेगळी.

आता सीटचं कातडं. मधून खचलंय, ताणायचा नट शेवटच्या आट्यावर आलाय. बाजूंना भोकं पाडून खालून दोरीने आवळून बघणार आहे. कोणी केलं असेल तर भोकं कडेपासून किती अंतरावर घेतलीत, तेवढं सांगा.