तुम्ही विचारलेत म्हणून: ती जागा कुठे आहे?

आमच्या बैठकीच्या खोलीत रशियन चित्रकार इसाक लेवितानच्या 'चिरशांतीच्या वर' या निसर्गचित्राची मोठी प्रत लावलेली आहे, आणि ती पाहणारे बहुतेक जण विचारतात, "ही जागा रशियात नेमकी कुठे आहे?" परवा तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सवडीने लिहीत आहे.

ती जागा कुठेच नाही. पाणी आहे ते त्वेर प्रांतातल्या उदोम्ल्या सरोवराचे, जिथे लेवितानने १८९३ चा उन्हाळा काढला. टेकाडावरचे लाकडी चर्च मात्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, व्होल्गाकाठच्या प्ल्योस गावातले. ते त्याने काही वर्षांपूर्वी तिथे राहून रंगवले होते आणि या पाण्याच्या काठावर आणून उभे केले. प्ल्योसचे ते चर्च पुढे १९०३ साली जळून गेले.

हे जुळवणे मला नुसते कसब वाटत नाही. १८९२ साली, केवळ ज्यू असल्यामुळे, लेवितानला मॉस्को सोडावे लागले होते. मित्रांनी खटपट केली तेव्हा कुठे परतता आले. आपण कुठे राहायचे हे दुसऱ्याने ठरवण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाने दोनच वर्षांत ही जागा पुरी केली, आणि चित्र विकत घेणाऱ्या पावेल त्रेत्याकोव्हला कळवले की यात मी सगळाच्या सगळा आहे. मूळ चित्र दीड मीटर उंच आणि दोन मीटरांहून थोडे अधिक रुंद असून ते आजही मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे.

चित्राच्या नावातली ती शांती खाली, चर्चमागच्या कबरींवरच्या कललेल्या क्रुसांपाशी आहे. वर मात्र निम्म्याहून अधिक चित्र आभाळानेच व्यापले आहे: जांभळट, शिशाच्या रंगाचे ढग एकमेकांवर चढत आलेले, त्यांच्या मधून एक फिकट उजळ ढग सरकणारा, आणि खाली वाऱ्याने वाकलेली झाडे. सरोवर एवढे पसरलेले आहे, पण त्यावर एकही होडी नाही, काठावर माणूस नाही.

आता प्रतीच्या अगदी जवळ जाऊन चर्चची खिडकी पाहा. तिथे तांबूस उजेडाचा एवढासा ठिपका आहे. आत कुणीतरी दिवा लावलेला आहे, आणि गवतातून एक पायवाट थेट तिथवर जाते.