पत्त्यातली जिल्ह्याची ओळ

आईला गोधडी पाठवायची होती, म्हणून तिने फोनवर पत्ता उतरवून घेतला. घर नंबर, गल्ली, अपरमिल, ओल्डहॅम, पोस्टकोड. "आणि जिल्हा?" जिल्ह्याशिवाय पत्ता तिच्या लेखी अर्धवटच. मी म्हटलं, ग्रेटर मँचेस्टर लिही. कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा (मी मनातल्या मनात आजोबाच म्हणतो) गुलाब छाटत होते. मराठी कळलं नाही, तरी मँचेस्टर कळलंच. "यॉर्कशायर," ते मान वर न करता म्हणाले.

हे दुखणं १९७४ सालचं. त्या वर्षी १ एप्रिलला (मुहूर्तही काय निवडला!) काउंट्यांची, म्हणजे इथल्या जिल्ह्यांची, फेरआखणी झाली आणि अपरमिल धरून आमची सॅडलवर्थची गावं यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमधून निघून ओल्डहॅमला, म्हणजेच ग्रेटर मँचेस्टरला जोडली गेली. नकाशा बघितला तर यात फार वावगं नाही. पेनाइन डोंगर ओलांडून आम्ही पश्चिमेला, आमची टेम नदीही पुढे मँचेस्टरकडच्या मर्सी नदीलाच मिळते. काउन्सिल टॅक्स ओल्डहॅमला, बस मँचेस्टरच्या मधमाशीवाली पिवळी. आजोबा त्याच बसने दवाखान्यात जातात, आणि १ ऑगस्टला, यॉर्कशायर डेला, खिडकीत पांढऱ्या गुलाबाचा झेंडा लावतात. हे जरा विसंगत नाही का, असं मी एकदा विचारून बघितलं. "कचरा कोण उचलतं यावरून माणूस कुठला हे ठरत नाही," म्हणाले.

आमचं जमलं ते सचिनमुळे. यॉर्कशायर क्लब कितीतरी वर्षं काउंटीच्या जुन्या सीमेत जन्मलेल्यांनाच खेळवायचा. १९९२ मध्ये तो हट्ट सुटला आणि पहिला परदेशी खेळाडू आला तो एकोणीस वर्षांचा तेंडुलकर. पहिल्याच भेटीत मी मुंबईचा म्हटल्यावर आजोबा खुलले, "तुमचा सचिन आमच्याकडून खेळलाय!" आमच्याकडून! तेव्हा सॅडलवर्थ यॉर्कशायरबाहेर जाऊन अठरा वर्षं झाली होती. मी मनात हसलो. मग लक्षात आलं, मी तरी कुठला मुंबईचा? पक्का सातारकर. समोरच्याला सोपं जावं म्हणून मीच माझा जिल्हा परस्पर मुंबईत घालून मोकळा झालो होतो. आजोबांच्या गावाचं ते निदान दुसऱ्यांनी तरी केलं.

पार्सल आलं तेव्हा मी कामावर होतो, ते आजोबांनी घेऊन ठेवलं. संध्याकाळी आणून दिलं. खोक्यावर आईचं टपोरं अक्षर, त्यात 'ग्रेटर मँचेस्टर'वर निळ्या पेनाने आडवी रेघ, आणि वर ठळक अक्षरांत दुरुस्ती.