चौदात एक

बेसबॉलचा सामना संध्याकाळी सातचा होता. दुपारीच मॅनेजरने लाइनअपचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या नावावर बोट ठेवलं. "हा आज बाहेर बसेल. या पिचरसमोर त्याचा चौदात एक आहे."

अमेरिकेत मायनर लीगमधल्या, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या पातळीवरच्या, एका बेसबॉल क्लबची आकडेवारी मी बघतो. आमचा हा बॅटर डावखुरा आणि समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उजव्या हाताचा. दोन मोसमांत दोघांची गाठ चौदा ॲट-बॅटना (बॅटरच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या खेपांना) पडली आणि हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळाला फक्त एक. त्याच्या जागी येणारा उजवा बॅटर याच पिचरसमोर नऊत चार होता. एवढं समोर असताना कुणीही हाच निर्णय घेईल.

मॅनेजर जुने कॅचर. बाल्टिमोरचे मॅनेजर अर्ल वीव्हर कोण कुणासमोर कसा खेळतो ते कार्डांवर टिपून ठेवायचे, त्याच वळणाचे हेही. अशा माणसांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांचा प्रश्न अगदी रास्त असतो. उत्तर शोधायला चौदा ॲट-बॅट पुरत नाहीत, एवढंच.

आमच्या बॅटरची उजव्या पिचरसमोरची सरासरी ०.२६२, म्हणजे हजार ॲट-बॅटमागे २६२ हिट. अशा बॅटरला चौदा संधींत एक किंवा शून्य हिट मिळण्याची शक्यता साडेआठ टक्के निघते. म्हणजे बॅटर-पिचरच्या साधारण दर बारा जोड्यांमागे एक जोडी निव्वळ योगायोगाने अशी दिसणार. आमचे नऊ बॅटर आणि लीगभरचे पिचर धरले तर अशा जोड्या ढिगाने सापडतील, आणि आपली नजर नेमकी त्यांच्यावरच जाते.

मी मॅनेजरना क्लेमेंटेंचं उदाहरण दिलं. १९७० च्या मोसमात पहिल्या ४५ ॲट-बॅटनंतर पिट्सबर्गचे बॅटर रॉबर्टो क्लेमेंटे ०.४०० सरासरीवर होते. पुढे एफ्रॉन आणि मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी त्या मोसमातले १८ खेळाडू घेऊन दाखवलं, की प्रत्येकाचा सुरुवातीचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढून घेतला तर उरलेल्या मोसमाचा अंदाज एकंदरीत जास्त बरोबर येतो. उरलेल्या मोसमात क्लेमेंटे ०.३४६ वर आले. ४५ ची ही गत, तर १४ ला किती वजन द्यायचं? ०.२६२ च्या हजार ॲट-बॅटमध्ये हे चौदा मिसळले, तर उत्तर आलं ०.२५९.

पण तेवढं सांगून भागणार नव्हतं. आकडा नुसता खोडून काढला तर मॅनेजरच्या हातात काय उरतं? म्हणून आम्ही दोघांनी मिळून चौदाही ॲट-बॅटचे व्हिडिओ पाहिले. तेरा आउटमध्ये स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, तीनच. उरलेले दहा चेंडू बॅटला लागले होते, आणि त्यातले पाच ताशी ९५ मैलांहून जास्त वेगाने, म्हणजे खणखणीत, निघाले होते. एक तर सेंटर फिल्डरने पाठ भिंतीला लावून पकडला होता. तिन्ही स्ट्राइकआउट मात्र एकाच चेंडूवर झाले होते: दोन स्ट्राइक झाल्यावर खाली, बाहेर जाणारा चेंजअप, म्हणजे वेगवान भासवून हळू टाकलेला चेंडू.

मग असाच हात, असाच वेग आणि असाच चेंजअप असणारे बाकीचे पिचर मी वेगळे काढले. आता चौदाऐवजी शेकड्यांनी चेंडू हाताशी आले. त्या गटासमोर आमचा बॅटर त्याच्या नेहमीच्या सरासरीइतकाच खेळत होता. उजव्या बॅटरच्या चार हिटपैकी दोन हळू घरंगळत गेलेले, आणि त्याच्यापासून दूर जाणारा स्लायडर त्याला फारसा लागतच नव्हता.

मॅनेजर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आकडेवाल्यांनीच स्नेलला काढलं होतं ना?"

२७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सीरीजचा, म्हणजे मुख्य लीगच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. टॅम्पा बे लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध १-० ने पुढे होतं. ब्लेक स्नेलने ७३ चेंडूंत नऊ स्ट्राइकआउट केले होते आणि पुढच्या तीन बॅटरना, बेट्स, सीगर आणि टर्नर यांना, त्या रात्री सहाही वेळा स्ट्राइकआउट केलं होतं. तरीही सहाव्या इनिंगमध्ये मॅनेजर केविन कॅश यांनी त्याला काढलं, कारण बॅटर एका सामन्यात एकाच पिचरला तिसऱ्यांदा भेटला की सर्वसाधारणपणे जास्त चांगला खेळतो. निक अँडरसन आला, बेट्सने डबल (दोन बेसचा फटका) मारला, डॉजर्सनी त्याच इनिंगमध्ये आघाडी घेतली आणि सामना ३-१ ने जिंकला.

तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. पण माझं कारण 'सहात सहा' हे नव्हतं, तो आकडाही लहानच. अँडरसन आधीच्या सामन्यांत सतत धावा देत होता. स्नेलला काढायचं की नाही हे ठरवताना त्याच्या जागी कोण येतंय तेही बघायला हवं होतं. मॅनेजरना मी म्हटलं, "स्किप, तुम्हीही आज दोघांतून एकाला निवडताय."

त्यांनी खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं आणि बॅटरला जवळ बोलावून एकच गोष्ट सांगितली: दोन स्ट्राइक झाले की खालचा चेंजअप सोडून दे.

पहिल्याच खेपेला तो त्याच चेंजअपवर आउट झाला. डगआउटमध्ये मॅनेजरनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं, मला तो क्षण फार लांब वाटला. दुसऱ्या खेपेला त्याने तसेच दोन चेंजअप सोडले आणि वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंवर फुकटचा पहिला बेस, मिळवला. तिसऱ्या खेपेचा फटका खणखणीत होता, पण थेट शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमध्ये गेला. आम्ही एका धावेने हरलो.

वॉक ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत, त्यामुळे कार्डावर आता सोळात एक झालं. मॅनेजरनी तो आकडा लिहिला, खाली 'दोन चेंजअप सोडले' असं जोडलं आणि पेन खिशात ठेवत म्हणाले, "उद्याचा पिचर डावखुरा आहे. त्याच्यासारखे कोण कोण आहेत ते सकाळपर्यंत काढून ठेव."